दुखावलेला स्नायू आणि दोन यंत्रांची साक्ष

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण, थोड्या फेरफारांसह)



आपल्या चिटणिसांनी मला या व्यासपीठावर बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची निवड त्यांनी मजवरच सोपविली होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभे आयुष्य शाळेत गणित, शास्त्र व भूगोल शिकविण्यात घालविलेला एक साधा शिक्षक. अशा मनुष्याने विद्यार्थ्यांच्या शिस्तीवर चार शब्द बोलावेत अशीच बहुतेकांची अपेक्षा असणार. परंतु निवृत्तीनंतर मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य उपसमितीचे काम मजकडे आले, आणि तेथे येणाऱ्या अर्जांपैकी एका प्रकारच्या अर्जाने मला विचार करावयास लावले. अर्जाचा मजकूर साधारण असा असतो : चिरंजीव धावण्याचा सराव करताना, किंवा कबड्डी खेळताना, मांडीत कळ येऊन खाली बसले, सोनोग्राफी झाली, आता एमआरआय करावयास सांगितले आहे, तरी मदत मिळावी. या अर्जावर समितीत हमखास एक प्रश्न निघतो, "एकदा फोटो काढला ना? मग त्याच मांडीचा दुसरा, इतका महागडा फोटो कशाला?"

प्रश्न रास्त आहे. निधी सभासदांच्या घामाचा आहे आणि तो जपून खर्च व्हावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु रास्त प्रश्नाला रास्त उत्तर मिळाले पाहिजे, नुसते अंदाजाने 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहिणे बरे नव्हे, असे मला वाटले. म्हणून मी या विद्येतील जाणत्या डॉक्टरांना भेटलो, त्यांनी सांगितलेले वाचून काढले, न समजलेले पुन्हा जाऊन विचारले. त्यातून जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. मी डॉक्टर नव्हे. उपचार सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा माझा हेतूही नाही. ही यंत्रे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाहीत, एवढेच मी सांगणार आहे.

प्रथम स्नायूकडे पाहू. सुतळीचा दोर आपण सर्वांनी पाहिला आहे. बारीक धाग्यांची एक लड, अशा लडींचा पीळ, आणि अनेक पिळांचा मिळून दोर. स्नायूची रचना पुष्कळशी अशीच आहे : केसासारखे बारीक तंतू, त्यांचे जुडगे, प्रत्येक जुडग्यास पातळ वेष्टण, आणि सर्वांवर मिळून एक आवरण. टोकाला हा स्नायू पांढऱ्या, चिवट अशा कंडरेत रूपांतरित होऊन हाडाला चिकटतो. कंडरा केवळ टोकालाच असते असा आपला समज असतो, तो मात्र खरा नाही. केळीच्या पानात मधला दांडा जसा लांबवर गेलेला असतो, तशी कित्येक स्नायूंत कंडरा मांसाच्या आतून दूरपर्यंत गेलेली असते. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मांडीच्या मागील बाजूस तीन स्नायू आहेत. बसताना जे हाड टेकते त्या हाडापासून निघून ते गुडघ्याच्या खाली जातात. इंग्रजीत यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात, आणि क्रिकेटच्या धावत्या वर्णनामुळे हा शब्द आता आपल्या मुलांच्याही तोंडी बसला आहे. मनुष्य भरधाव धावत असता पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला लागण्यापूर्वी तो आवरावा लागतो. त्या क्षणी हे स्नायू लांबतही असतात आणि लगामही घालीत असतात. एकाच वेळी ताणले जाणे आणि ओढून धरणे, ही दोन्ही कामे अंगावर आली की तंतू तुटतात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीच्या उपान्त्य फेरीत ब्रिटनचा डेरेक रेडमंड याची हीच गत झाली. तो मध्येच खाली बसला, पुन्हा उठला, आणि प्रेक्षकांतून धावत आलेल्या आपल्या वडिलांच्या खांद्याचा आधार घेऊन लंगडत शेवटच्या रेषेपर्यंत गेला. ते दृश्य पुष्कळांना आठवत असेल.

आता कोणी म्हणेल, दुखले किती यावरून दुखापत किती हे कळावयास हवे. तसे कळत नाही, हीच तर यातली अडचण आहे. स्वीडनमधील आस्क्लिंग नावाच्या संशोधकाने २००७ साली १८ धावपटू आणि १५ व्यावसायिक नर्तक यांच्या मांडीच्या दुखापती सहा आठवड्यांपर्यंत पुनःपुन्हा तपासल्या आणि पुढे ते केव्हा पूर्ववत् झाले याचीही नोंद ठेविली. धावपटूंची दुखापत वेगात धावताना झालेली, नर्तकांची पाय सावकाश फार लांबवर ताणताना. आरंभी धावपटूंची स्थिती अधिक वाईट दिसत होती. नर्तकांचा त्रास त्या मानाने सौम्य होता. परंतु पूर्वीच्या पायरीवर परत येण्यास धावपटूंना मध्यमानाने १६ आठवडे लागले, तर नर्तकांना ५०! म्हणजे ज्यांचे कमी दुखत होते त्यांना जवळजवळ वर्ष लागले. असे का व्हावे? एमआरआयमध्ये दिसले की नर्तकांची दुखापत बसण्याच्या हाडाजवळ, कंडरेच्या मुळाशी होती, आणि धावपटूंची बव्हंशी त्याखाली, स्नायूच्या दुसऱ्या भागात होती. कंडरा भरून येण्यास मांसापेक्षा पुष्कळ अधिक काळ घेते. तेव्हा दुखापत केवढी आहे याबरोबरच ती नेमकी कोठे आहे हेही पाहावे लागते, आणि ते वरून चाचपून दर वेळी सांगता येत नाही. यंत्रांची गरज पडते ती येथे.

यंत्रे मुख्यतः तीन. पहिले आपल्या सर्वांच्या ओळखीचे, क्ष-किरणांचे. रॉन्टगेन याने १८९५ साली जर्मनीत हे किरण शोधून काढले. त्यात हाड स्वच्छ दिसते, परंतु स्नायू आणि त्यात साकळलेले रक्त यांत भेद करता येत नाही. म्हणून मांडी दुखावल्यावर काढलेला क्ष-किरण फोटो पाहून "हाड ठीक आहे, काही नाही" असे जे आपण म्हणतो, त्यातील पहिला भाग खरा असतो आणि दुसरा तपासलेलाच नसतो. (या फोटोलाही एक महत्त्वाचे काम आहे. ते पुढे येईल.)

दुसरे यंत्र सोनोग्राफीचे. विहिरीत डोकावून हाक मारली तर आवाज परत येतो. पाणी खोल असेल तर जरा उशिरा येतो. या यंत्रात तेच तत्त्व आहे. आपल्या कानांना सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. स्नायू पाहण्याकरिता वापरतात त्या ध्वनीची कंपने सेकंदास ५० लक्षांपासून दीड-पावणेदोन कोटींपर्यंत असतात. हा ध्वनी शरीरात सोडावयाचा, निरनिराळ्या थरांवर आपटून परत येणारे प्रतिध्वनी टिपावयाचे, आणि त्यांवरून चित्र बनवावयाचे. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली पोटाच्या तपासणीकरिता ही पद्धत प्रसिद्ध केली. स्नायूंकडे ती पुढे वळली. कंपने जितकी अधिक तितके चित्र सूक्ष्म, परंतु तितकाच ध्वनी खोलवर जाण्यास असमर्थ. म्हणून पोटरीचा वरचा स्नायू सुरेख दिसतो, पण दणकट पैलवानाच्या मांडीतील खोलवरचा भाग धूसर होतो.

या यंत्राचा मोठा गुण असा की ते हलते चित्र दाखविते. डॉक्टर म्हणतात, "आता टाच मागे ओढ," आणि स्नायू आवळताच तुटलेल्या टोकांमधील फट उघडताना पडद्यावर प्रत्यक्ष दिसते. दुखते त्याच जागी हाताने दाबून तीच जागा पाहता येते. किरणोत्सर्गाचा प्रश्न नाही, खर्च बेताचा, आणि चार दिवसांनी पुन्हा करावयास हरकत नाही. दोष असा की सर्व काही तपासणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर अवलंबून. शिवाय दुखापत होऊन काही तासच झाले असतील तर ताजे रक्त आणि आजूबाजूचा स्नायू पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसू शकतात.

तिसरे यंत्र एमआरआय. याचे तत्त्व समजावून सांगणे जरा कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. आपल्या शरीरात पाणी विपुल आहे आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र अगदी लहानशा चुंबकासारखे वागते. मनुष्याला प्रचंड चुंबकाच्या बोगद्यात ठेविले, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस-चाळीस हजार पट अशा क्षेत्रात, की या असंख्य चुंबकांपैकी काही अधिकसे त्या क्षेत्राच्या दिशेने ओळीत येतात. मग रेडिओच्या जातीची लहर सोडून त्यांना कलते करावयाचे आणि ते पुन्हा जागेवर येताना जो क्षीण संकेत देतात तो टिपावयाचा. चरबीतील, स्नायूतील आणि मोकळ्या पाण्यातील केंद्रे जागेवर येण्यास निरनिराळा वेळ घेतात. या फरकातून चित्र तयार होते. पॉल लाउटरबर यांनी १९७३ साली असे पहिले चित्र प्रसिद्ध केले, आणि २००३ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. दुखावलेल्या जागी पाणी साठते, आणि चरबीचा संकेत दाबून टाकिला की ते पाणी काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे शुभ्र उठून दिसते. खोली कितीही असो, मांडी आरपार दिसते. बसण्याच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत कंडरा कोठून कोठे जाते याचा नकाशाच हाती येतो.

परंतु हे चित्र स्थिर आहे. बोगद्यात मनुष्य निश्चल पडून असतो, आणि आवळलेला स्नायू कसा वागतो हे त्यात दिसत नाही. दुसरे असे की हे यंत्र जरा जास्तच हळवे आहे. जेथे तंतू तुटलेलेच नाहीत, नुसता ओलावा आहे, तेथेही ते पांढरा डाग दाखविते.

आता आपल्या समितीतील प्रश्नाकडे वळू. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते? ऑस्ट्रेलियात २००४ साली ६० फुटबॉलपटूंची मांडी दोन्ही यंत्रांनी तपासण्यात आली. आरंभी एमआरआयमध्ये ४२ जणांत दुखापत दिसली आणि सोनोग्राफीत ४५ जणांत! म्हणजे पहिल्या तपासणीत स्वस्त यंत्र महाग यंत्राच्या मागे मुळीच नव्हते. मात्र पुढे दुखापत भरत आली तसे सोनोग्राफीत ती लौकर दिसेनाशी झाली, आणि एमआरआयमध्ये तिच्या खुणा अधिक काळ रेंगाळल्या. हे वाचल्यावर मला वाटले की श्रेष्ठ कोण हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. न्यायालयात दोन साक्षीदार असतात. एकाने घटना जवळून पाहिलेली असते पण त्याला सगळे अंगण दिसलेले नसते. दुसऱ्याने गच्चीवरून सगळे अंगण पाहिलेले असते पण बोलणे ऐकलेले नसते. शहाणा न्यायाधीश दोघांच्या जबान्या समोरासमोर ठेवितो.

माझ्या बहिणीच्या नातवाची हकीकत येथे सांगतो. पोलीस भरतीकरिता तो तयारी करीत होता. आपणांस ठाऊकच आहे की मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते, गोळाही फेकावा लागतो, आणि एकेका गुणावर मुलाचे भवितव्य टांगलेले असते. चाचणीला महिना राहिला असता १०० मीटरच्या सरावात त्याच्या मांडीच्या मागे कळ आली. त्याच संध्याकाळी सोनोग्राफी झाली. अहवालात फाटल्याची खूण नाही असे आले. घरात सर्वांना हायसे वाटले. आठ-दहा दिवसांत दुखणे ओसरले आणि मुलगा पुन्हा वेगाने धावू लागला. तिसऱ्या दिवशी त्याच जागी असे काही तडकले की तो मैदानावरून उचलूनच आणावा लागला. मग एमआरआय झाला. त्यात दिसले की आतून जाणारी ती कंडरा, तो पानाचा दांडा, उभा चिरला गेला आहे. पहिल्या तपासणीत कोणी हयगय केली असे मी म्हणत नाही. इतक्या लौकर आणि इतक्या आत असलेली चीर सोनोग्राफीत हुकणे संभवनीय होते. पण "फाटल्याची खूण दिसली नाही" या वाक्याचा अर्थ घरच्यांनी "फाटलेले नाही" असा घेतला. मराठीचा शिक्षक म्हणूनही मला हे सांगणे भाग आहे की ही दोन वाक्ये एक नव्हेत.

पुढे जे झाले ते मला अधिक उद्बोधक वाटते. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआयची चित्रे संगणकावर उघडून ठेविली आणि शेजारी सोनोग्राफीचे यंत्र चालू केले. बसण्याच्या हाडापासून किती अंतरावर, कोणत्या स्नायूत, किती खोल, हे एका चित्रावर मोजावयाचे आणि यंत्राचा दांडा नेमका तेथे टेकवावयाचा. आधी जी जागा कोणाच्या नजरेत भरली नव्हती ती आता पडद्यावर स्पष्ट सापडली, कारण कोठे पाहावयाचे हे ठाऊक होते. एकदा ती सापडल्यावर दर दोन-तीन आठवड्यांनी केवळ सोनोग्राफीवर तिची प्रगती पाहता आली; दुसऱ्या एमआरआयची गरज पडली नाही. मुलाची त्या खेपेची चाचणी मात्र हुकली ती हुकलीच, आणि भरती काही दरवर्षी ठरल्या दिवशी निघत नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांनी जुळवून जे केले, ते करणारी यंत्रेही आता निघाली आहेत. त्यांची कल्पना थोडक्यात सांगतो, कारण ती ऐकून मला फार कौतुक वाटले. रुग्णाच्या एमआरआयची सर्व चित्रे सोनोग्राफीच्या यंत्रात आधी भरून ठेवितात. रुग्णाशेजारी एक लहानसे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे उपकरण ठेवितात आणि सोनोग्राफीच्या दांड्यावर त्या क्षेत्रातील आपली जागा ओळखणारे संवेदक बसवितात. दोन्ही चित्रांत ओळखू येईल अशी एक-दोन ठिकाणे, उदाहरणार्थ हाडाचा एखादा कोपरा, डॉक्टर आरंभी जुळवून देतात. त्यानंतर दांडा जसजसा फिरेल तसतसा पडद्याच्या एका अर्ध्यात जिवंत सोनोग्राफी आणि दुसऱ्या अर्ध्यात एमआरआयचा तंतोतंत तोच छेद आपोआप फिरतो. हवे तर एक चित्र दुसऱ्यावर पारदर्शक कागदासारखे ठेविता येते. यकृत आणि पुरःस्थ ग्रंथी यांतील गाठींचा नेमका तुकडा काढण्यास ही रीत आधीपासून वापरात होती. खेळाडूंच्या स्नायूंकरिता ती किती उपयोगी पडते याचा अभ्यास बार्सिलोना येथील डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. साकळलेले रक्त सुईने काढावयाचे असेल तर सुई कोठे जात आहे हे दोन्ही नजरांनी दिसते.

तथापि या जुळणीतही खोट राहू शकते. हाड जागचे हलत नाही, पण स्नायू हा मऊ पदार्थ आहे. बोगद्यात मुलगा उताणा झोपला होता आणि येथे पालथा झोपला, किंवा गुडघा थोडा वाकविला, की मांडीतला प्रत्येक थर किंचित् सरकतो आणि दोन चित्रे एकमेकांवरून घसरतात. म्हणून पायाची ठेवण दोन्ही वेळा शक्य तितकी सारखी ठेवावी लागते. हे यंत्र सर्वत्र उपलब्ध नाही, आणि ते नसले म्हणून आपल्या मुलांचे अडते असेही नाही. दोन्ही चित्रे एकाच जाणकाराने एकाच वेळी समोर ठेवून पाहिली तरी पुष्कळसे काम साधते. दुर्दैवाने आपल्याकडे घडते ते उलटे. सोनोग्राफी एका ठिकाणी, एमआरआय दुसऱ्या शहरी. एकाचा कागद दुसऱ्याला दाखविलाच जात नाही. आणि सोनोग्राफीचे चित्र घरी फुलपात्रावर झाकण घालण्यास उपयोगी पडलेले मी स्वतः पाहिले आहे!

क्ष-किरणांच्या कामाविषयी सांगावयाचे राहिले होते. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत, म्हणजे आपल्या माध्यमिक शाळांतील खेळाडूंत, हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते. बसण्याच्या हाडाचा ज्या भागास कंडरा चिकटते तो भाग अजून कूर्चेने जोडलेला असतो, आणि ती जोडणी कंडरेपेक्षा दुबळी असते. मोठ्या माणसाचा स्नायू फाटावा अशा झटक्यात मुलाच्या हाडाचा तुकडाच उपटून निघतो. बाहेरून लक्षण तेच : धावताना कळ आली आणि बसता येईना. "शीर चढली असेल" म्हणून तेल चोळणे सुरू होते. साधा, थोड्या पैशांचा क्ष-किरण फोटो येथे जे दाखवील ते शोधण्यास कित्येकदा फार फिरावे लागते. माझ्या शिक्षकमित्रांना, विशेषतः खेळाचे तास घेणाऱ्यांना, ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

दुसरा प्रकार कबड्डीतला. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा मांडीच्या पुढील बाजूस जोराने बसतो, मुका मार लागतो, आत रक्त साकळते. ते जोराने चोळले गेले किंवा त्यावर लगेच ताण पडला तर काही जणांत तेथे चक्क हाडासारखा कठीण पदार्थ तयार होऊ लागतो. दोन-तीन आठवड्यांनी मांडीत गाठ लागते. अशा वेळी केवळ एमआरआय केला तर सुजलेली, विचित्र दिसणारी गाठ पाहून मनात कर्करोगाची शंका येते, आणि घरावर आकाश कोसळते. पण सोनोग्राफीत आणि काही दिवसांनी क्ष-किरण फोटोत गाठीच्या कडेने अंड्याच्या कवचासारखी चुन्याची रेषा दिसू लागली की तज्ज्ञाला उलगडा होतो, कारण कडेकडून आत असे हाड बनणे हे या निरुपद्रवी गाठीचे लक्षण आहे. येथे महाग चित्राचा अर्थ स्वस्त चित्रांनी लावून दिला. शंका वाटली तर निर्णय अर्थात् डॉक्टरांचाच, पण पूर्वी मार लागला होता हे त्यांना आठवणीने सांगणे मात्र आपले काम आहे.

कोणी विचारील की परदेशी संघांचे डॉक्टर मैदानाच्या कडेलाच सोनोग्राफीचे लहान यंत्र घेऊन बसतात, मग आपल्या स्पर्धांत ते का दिसत नाही? याचे कारण वैद्यकीय नसून सामाजिक आहे. या यंत्राचा उपयोग आपल्या समाजाने गर्भातील मुलगी ओळखून तिचा घात करण्याकडे केला. महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तेव्हा प्रत्येक यंत्राची नोंदणी असते आणि नोंदलेल्या जागेबाहेर ते सहजी नेता येत नाही. खेळाडूंची थोडी गैरसोय होते हे खरे, पण ती का होते हे आपण विसरू नये, आणि त्याबद्दल सरकारला बोल लावण्याआधी क्षणभर थांबावे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. चित्र पाहून "मुलगा अमुक तारखेस धावेल" असे सांगता येते काय? घरोघरी हाच प्रश्न असतो, आणि याच आशेने पैसे खर्च केले जातात. युरोपातील व्यावसायिक फुटबॉल संघांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एमआरआय केलेल्या हॅमस्ट्रिंगच्या २०७ दुखापतींपैकी ७० टक्क्यांत तंतू तुटल्याची खूणच नव्हती. पूर्ण तुटलेल्या अवघ्या ३ टक्के होत्या. तंतू न तुटलेल्यांस सरासरीने एक ते अडीच आठवडे लागले, पूर्ण तुटलेल्यांस दहा आठवड्यांहून अधिक. येथवर चित्राचा उपयोग स्पष्ट आहे. पण मधल्या, नेहमी आढळणाऱ्या दुखापतींचे काय? कतार देशात १८० पुरुष खेळाडूंची २०१५ साली अशी तपासणी झाली की आधी केवळ हकीकत विचारून व हाताने तपासून अंदाज बांधावयाचा, आणि नंतर एमआरआय पाहून तो कितपत सुधारतो हे मोजावयाचे. परतण्याच्या काळातील फरकापैकी २९ टक्के उलगडा हकीकत आणि हाताच्या तपासणीने झाला. एमआरआयने त्यात भर घातली ती २.८ टक्क्यांची. दुसऱ्या एका अभ्यासात, २०१४ सालच्या, बरे होऊन खेळास परतण्यास योग्य ठरलेल्या ५३ खेळाडूंचा एमआरआय काढला, तर ८९ टक्के जणांच्या मांडीत तो पांढरा डाग अजून होताच! म्हणजे डाग जाण्याची वाट पाहत बसणाऱ्याला निष्कारण बसावे लागेल. आणि सोनोग्राफीत फट दिसेनाशी झाली म्हणून लगेच धावणारा आमच्या मुलासारखा पस्तावेल. ब्रिटिश अॅथलेटिक्सच्या डॉक्टरांनी २०१४ साली दुखापतींची जी प्रतवारी ठरविली तीत आतल्या कंडरेच्या दुखापतीस स्वतंत्र अक्षर दिले आहे, कारण तिला वेळ अधिक लागतो आणि ती पुनः उलटण्याचा संभवही अधिक, असे त्यांना आढळले. चित्राने हे एक नक्की सांगावे : कंडरा शाबूत आहे की नाही. पुढची परवानगी मात्र पायाच्या ताकदीने, न दुखता वाढत जाणाऱ्या वेगाने आणि डॉक्टरांच्या हाताने द्यावयाची आहे.

याप्रमाणे उपसमितीपुढे मी काही सूचना ठेविल्या आहेत आणि त्या आपल्या माहितीकरिता सांगतो. अर्जासोबत ज्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष हाताने पाय तपासला त्यांची चिठ्ठी असावी आणि एमआरआयने कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते तीत एका ओळीत लिहिलेले असावे. असे लिहिलेले असेल तर "पुन्हा दुसरा कशाला" हा आक्षेप समितीने घेऊ नये. केवळ "पालकांची इच्छा" एवढेच कारण असेल तर मात्र मदत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही सभासदांस ते कठोर वाटले, त्यास इलाज नाही. अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या क्ष-किरण फोटोचा खर्च, रक्कम लहान असली तरी, विनाविलंब द्यावा. आणि एमआरआयची तबकडी व सोनोग्राफीची चित्रे घरी जपून ठेवून पुढच्या प्रत्येक तपासणीस दोन्ही बरोबर न्यावीत. त्याकरिता मंडळाने जाड कागदाच्या पिशव्या छापून घेतल्या आहेत. त्या बाहेर कार्यालयाच्या टेबलावर ठेविलेल्या आहेत, ज्यांच्या घरी खेळणारी मुले आहेत त्यांनी जाताना एकेक घेऊन जावी.